साठ रुपये परत मिळेपर्यंत

५ नोव्हेंबर २००८
विनिताचं जवळजवळ जमलं! कोन गावचे म्हात्रे काल आमच्याकडे कशेळीला येऊन पोरगी पाहून गेले. मुलगा कुणाल, बँकेत कामाला. व्यवहार सगळा त्याचा मोरूमामा बघतो. म्हणाला, बैठकीची तारीख ठरली की मिस कॉल देतो, तुम्ही उलट फोन करा. बरोबरच आहे, फोन मुलीकडच्यांनी करायचा. आज सहज त्याला फोन लावला तर रिंगच्या जागी भजन. काय सोज्वळ माणसं! मध्येच एक बाई म्हणाली, हे गाणं हवं असेल तर स्टार दाबा. दाबला. व्याह्यांची आवड ती आपली आवड.

८ नोव्हेंबर
बॅलन्समधून तीस रुपये गायब. भजनाचे म्हणे, दर महिन्याला! अरे, स्टार दाबला म्हणजे काय सातबारा लिहून दिला?

९ नोव्हेंबर, सकाळी १०
कस्टमर केअर. बावीस मिनिटं. सेवेसाठी एक दाबा, म्हणाले. दाबला. रोज एक जोक चालू झाला. आणखी तीस गेले.

सकाळी ११
पहिला जोक आला. हसू आलं नाही.

११ नोव्हेंबर
संकल्प: कंपनी साठ रुपये परत देत नाही तोवर या फोनमध्ये दमडी टाकणार नाही. बायको म्हणाली, नंबर बदला. कमळाला काय कळतंय? नंबर गोडाऊनच्या तिन्ही शटरांवर रंगवलाय, 'गाळा भाड्याने देणे आहे' खाली. पेंटरला दीड हजार मोजलेत.

१४ नोव्हेंबर
मोरूमामाचा मिस कॉल! बॅलन्स चाळीस पैसे. कमळा म्हणते, पीसीओवरनं लावा. तीन गाळ्यांचा मालक पीसीओच्या रांगेत उभा राहणार? मग म्हणाली, कोन काय लांब हाय, रिक्षा करा नि जा. बोलावल्याशिवाय मुलीचा बाप जात न्हाय, हे तिला मी ठासून सांगितलं.

१५ नोव्हेंबर
परत मिस कॉल. मला युक्ती सुचली. मीही मिस कॉल दिला, म्हणजे त्याचा पोचला हे त्याला कळावं. त्याने पुन्हा दिला. मी पुन्हा दिला. असं सात वेळा झालं. संबंध घट्ट होतोय.

१९ नोव्हेंबर
दिल्लीला अर्ज पाठवणार. देशभरातल्या ग्राहकांचा प्रश्न आहे, कोणी तरी उभं राहायलाच हवं. नियम मीच करून देतो. एक: ग्राहकाने हो म्हटल्याशिवाय पैसे कापू नयेत. दोन: हो म्हटलं तरी परत एकदा विचारावं, माणूस घाईत असतो. तीन: चालू करायला एक बटण, तर बंद करायलाही एकच. चौथ्यावर विचार चालू आहे.

२३ नोव्हेंबर
गुपचूप पन्नासचा रिचार्ज मारला. संकल्प मोडला नाही. अर्जाला पुरावा लागतो. दोन मिनिटांत 'आजचं भविष्य' चालू, बॅलन्स शून्य. भविष्य: जवळच्या व्यक्तीकडून आनंदाची वार्ता. मामाच असणार.

३० नोव्हेंबर
पंधरा दिवस मिस कॉल नाही. माणूस समजूतदार आहे, माझी अडचण ओळखून थांबलाय. अर्ज नऊ पानं झाला. विनितानं फेअर करून दिला, अक्षर छान आहे तिचं. काही विचारलं नाही तिनं. कमळा मात्र दिवसभर भांडी आपटते.

४ डिसेंबर
अर्ज रजिस्टरनं गेला. आता सरकार हलेल. रविवारी कोनला जातो. बोलावणं नाही, पण नऊ पानांचा अर्ज केलेल्या माणसाला थोडी मोकळीक असते.

७ डिसेंबर, रात्री
पेढे घेऊन गेलो. म्हात्र्यांच्या दारात मांडव, बेंजो जोरात. वाटलं, आपलीच तयारी. कुणालच्या अंगाला हळद बघितली नि पेढ्यांचा पुडा पाठीमागे नेला. दिघाशी गावची मुलगी केली. मोरूमामा म्हणाला, अहो केसरीनाथशेठ, आम्ही विचारत होतो आणि तुम्ही नुसते मिस कॉल मारत होता! तुम्हाला नको असेल वाटलं. दिघाशीवाले निरोप मिळताच जीप करून आले. मग हाताला धरून पंगतीला बसवलं. जेवलो. पाकिटात एकशे एक घालून दिले. पेढेही तिथेच ठेवले.

घरी विनिता दारात होती. तिनं काही विचारायच्या आत मी सांगायला लागलो, यात कंपनीचा हात कसा आहे, आता केस कशी पक्की झाली. ती म्हणाली, पप्पा, मला ठाऊक आहे. कुणालनंच पंधरा दिवसांपूर्वी माझ्या क्लासवर येऊन सांगितलं. मी ओरडलो, मग बोलली का नाहीस, बये? म्हणाली, तुम्ही अर्जात एवढे रमला होता. म्हटलं, एकाचं तरी मनासारखं होऊ दे.