लॉकरमधला बॅज

प्रिय धाकट्या,

परवा वहिनीशी फोनवर बोलत होते, तेव्हा ‘मी ठणठणीत आहे’ असं तू मागून ओरडलास. इतक्या मोठ्याने ओरडावं लागतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

तुमच्या अणुकेंद्रातल्या अपघाताला सहा-सात महिने होत आले, तरी आमच्या प्रयोगशाळेत अजून मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या सोबत्यांचं रक्त येतं. बाटलीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. ओळखीपायी कुणाचा हात डगमगू नये म्हणून. मी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघते. प्रत्येकाला एकच कंबर असते. किरणोत्सर्गाने गुणसूत्रं तुटून भलतीकडेच जोडली गेली, की दोन कंबरांची होतात. अशी किती सापडली त्यावरून कुणाला किती मारा बसला ते कळतं, आणि डॉक्टर उपचार ठरवतात. तुझं रक्त मात्र मागवलंच नाही, कारण छातीवर लावायच्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या तुझ्या बॅजवरचा आकडा मर्यादेच्या आत होता.

लहानपणी मारामारीआधी तू चष्मा काढून दप्तरात ठेवायचास. चष्मा शाबूत दिसला की आईला पत्ता लागणार नाही, असा तुझा हिशेब. ओठ टम्म सुजलाय हे तुझ्या गावीही नसायचं. गळती बंद करायला जाताना बॅज लॉकरमध्येच ठेवायचास ना रे? मर्यादा ओलांडली की तुला हटवणार आणि तुझ्या जागी नवख्यांना आत पाठवणार, हे तुला बघवलं नसतं. म्हणून धड रागावताही येत नाही. पण आता अंगावर उगाच काळेनिळे डाग उठतात, जिन्यात तू मध्येच बसतोस, आणि केंद्राचे डॉक्टर बॅजचा आकडा बघून तुला घरी पाठवतात. मला फार भीती वाटते.

गेल्या आठवड्यात काढलेली तुझी अक्कलदाढ वहिनीने मला पाठवली आहे. रक्तातल्या खुणा काळाबरोबर विरळ होतात, दाताचं कवच मात्र बसलेला मारा धरून ठेवतं. दाढ डबीत तशीच आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी ती तपासणीसाठी कुटणार नाही. आकडा आला की बॅजचं बिंग फुटेल, कदाचित तुझी नोकरीही जाईल. जाऊ दे. सुजलेल्या ओठाने घरी यायचास, तेव्हा आई काही विचारायची नाही, नुसती हनुवटी धरून तुझं तोंड उजेडाकडे वळवायची. तू निमूट वळवू द्यायचास. मला आज तेवढंच हवंय.

तुझीच,
ताई