चार नंबरची शेड

५ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! दादा फाटकातच उभा होता. माझ्या बॅगा बघून म्हणाला, राहायला आलीस की दुकान थाटायला? वहिनीने खोली झाडून, खिडकीला पडदा लावून ठेवला होता. दादा या डुक्करफार्मचा व्यवस्थापक आणि मी आजपासून इथली पशुवैद्यक. सहा शेड, दोन हजारांवर जनावरं. दर आठवड्याला त्यांच्या नाकातले नमुने घ्यायचे, ताप मोजायचा, नमुने प्रयोगशाळेला पाठवायचे. चार नंबरमधली एक मादी कान खाजवला की डोळेच मिटते. तिथे खाद्य घालणारा दाणेवाला म्हणाला, बाई, जरा अदबीने, ती माझ्या सासूच्या जागी आहे. हसून हसून पुरेवाट झाली.

१२, सोमवार

चार नंबरमध्ये एकोणीस जनावरांना ताप आणि शिंका. दुपारी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. डुकराच्या अंगात पक्ष्यांचा फ्लूही शिरतो आणि माणसांचाही. दोन्ही एकदम शिरले की त्यांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि नवाच विषाणू तयार होतो. आमच्या नमुन्यांत तसाच एक सापडलाय. घाबरू नका म्हणाल्या. पण पुढचे नमुने उद्याच पाठवा, हेही म्हणाल्या.

१५, गुरुवार

कान खाजवला की डोळे मिटणाऱ्या त्याच मादीने आज सकाळी आपली नऊ पिल्लं मारली. खाल्ली नाहीत; एकेक उचलून भिंतीवर आपटलं. मी पोचले तेव्हा नववं तिच्या जबड्यात किंचाळत होतं. ते सोडवायला दाणेवाला आत उतरला. तिने त्याची पोटरी हाडापर्यंत फाडली. मी घट्ट पट्टी बांधली, दादाने त्याला दवाखान्यात पोचवलं.

प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, तीन दिवसांत विषाणू पुन्हा बदललाय, बहुधा मेंदूत शिरतोय. आजच्या आज सरकारी कार्यालयाला कळवा. दादाला सांगितलं तर तो खालीच बसला. म्हणाला, कळवलंस की सगळी जनावरं मारतील. आठ वर्षं हाडाची काडं केली मी इथे. चारच दिवस दे, आजारी तेवढी मी बाजूला काढतो.

मी दिले. सख्खा भाऊ आहे माझा.

१७, शनिवार

दादा आणि दोन गडी चार नंबरमध्ये उतरले. आजारी डुकरांना मारायचं पिस्तूल तिसऱ्यालाच अडकलं. मग पहारी घेतल्या. कवट्या फुटत होत्या तरी जनावरं मागे हटेनात, उलट अंगावर येत होती. एका गड्याला त्यांनी पाडलं. आम्ही ओढून काढला तेव्हा त्याला चेहराच उरला नव्हता.

दादा बाहेर आला तो नखशिखान्त रक्ताने माखलेला. तीनदा शिंकला.

१८, रविवार

दाणेवाला गेला. दवाखान्यात त्याने नर्सचा गळा चावला, तिघांनी मिळून त्याला दाबून धरलं, तेवढ्यात संपला.

आज सरकारी कार्यालयाला कळवलं. साहेब म्हणाले, उद्या सकाळी पथक येईल, तोवर फाटकाबाहेर कुणी पाऊल टाकायचं नाही. दुसरा गडी आधीच पळाला.

दादाला १०४ ताप. वहिनी कपाळावर पट्ट्या ठेवतेय. मी सांगितलं, मास्क लाव. म्हणाली, नवऱ्यापुढे कसला मास्क?

१९, सकाळ

दादाने वहिनीचं डोकं पलंगाच्या लोखंडावर आपटलं. एकदा, दोनदा. तोंडातून आवाज नाही, फक्त फेस. मी हाका मारल्या — दादा, अरे दादा — मला ओळखलंच नाही. पहार दाराशी होती.

एका घावात पडला नाही.

किती घाव — नाही लिहिणार.

१९, दहा वाजता

मी आणि वहिनी औषधांच्या खोलीत. आतून कडी, सोबत आणलेली पहार दाराला टेकवलेली. तिच्या कपाळाला बारा टाके घातले. पथक आलंय, पहिल्या शेडकडून गोळ्यांचे आवाज. इथवर यायला वेळ लागेल.

वहिनीने विचारलं, तुला केव्हा कळलं होतं?

खोटं बोलवेना. गुरुवारी, म्हटलं.

तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसलीय.

१९

थर्मामीटर पुढे केला. हातातून हिसकून तिने तो फोडला. डोळे लाल. रडून की — विचारलं, वहिनी, अंग तापलंय का गं?

उठली. दाराकडे नाही, माझ्याकडे. पहार तिच्या हातात.

हा ताप आहे, की ती शुद्धीवर आहे आणि