पोटात कापूस भरलेला नंदी

बाबा, तुम्हाला शिल्पकार म्हटलेलं आवडलं असतं का? गेले काही दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकलाही बसले नव्हते. आता आपला जिल्हा मुंबई राज्यात गेलाय, मी बी. ए. होऊन वर्ध्याला मुलींच्या शाळेत शिकवते, आणि तुम्ही केलेला नंदी तिथल्याच एका प्रदर्शनात पांढरं कापड घातलेल्या चौरंगावर उभा होता. टाकून दिलेल्या वस्तूंतून घडवलेली शिल्पं होती सगळी. सायकलच्या चाकांचा मोर, कंदिलाच्या पत्र्याचं घुबड आणि मधोमध आपला नंदी. मीच नेऊन दिला होता. लोकांनी तुमच्या हातचं काम पाहावं, एवढंच मनात होतं.

नाचणगावचं आपलं अंगण. तुम्ही कापसाच्या जिनिंग कारखान्यातून येता, मिशांना कापसाचे तंतू, खिशात कुणीतरी फेकलेलं काहीतरी. मोडक्या लाकडी रुळाचं धड झालं, कापसाच्या गाठी आवळायच्या लोखंडी पट्टीची शिंगं, सुताच्या रिळांची चाकं. शेवटी पोट पोखरून त्यात तुम्ही गंजके बोल्ट टाकता. उद्या तान्हा पोळा, गावातली पोरं आपापले लाकडी बैल ओढत घरोघर जाणार. शेजारच्या काकू कुंपणावरून हसतात, "भाऊजी, पोरीले काऊन नंदी?" तुम्ही मानसुद्धा वर करत नाही. "वहिनी, बैल ओढाले का मिशा लागते?" दुसऱ्या दिवशी दोरी माझ्या हातात देता. मी घाबरलेली. "चाल तू. मांगं पाहू नको, मी आहो." पोर गर्दीत दिसली नाही तरी खुळखुळाटावरून सापडेल, म्हणून बोल्ट टाकले, असं तुम्ही आईला सांगितलं होतं.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आईला नेलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती नंदीसमोर उभी राहिली. दोरी काढलेली, शेजारी पाटी, हात लावू नये. तिने हात लावलाच. हलवून पाहिलं. आवाज नाही.

"बाई, याच्या पोटातलं काय झालं वो?" तिने मला विचारलं.

मांडणी करणारे गृहस्थ लगबगीने आले. सज्जन माणूस. "आतलं काहीतरी सुटलं होतं, माई. आदळू नये म्हणून कापूस भरून टाकला." मग मला म्हणाले, हा नागपूरच्या संग्रहालयात कायमचा ठेवायचा, खाली पितळी पट्टीवर तुमचं नाव. तुमचं नाव, बाबा! कारखान्याच्या फाटकावर तुम्हाला सगळे नुसतं 'ए मिस्त्री' म्हणायचे. मी आईकडे पाहिलं.

"नाव तं चांगलंच हाय," ती म्हणाली. "पण मुका करून टाकला न त्याले."

मी त्या गृहस्थांना नाही म्हणाले. नंदी उचलून घेतला. ती पट्टी अजून डोळ्यांपुढे येते, आणि आली की जीव तुटतो. पण गाडीत बसल्याबरोबर मी केसांतल्या आकड्याने सगळा कापूस ओढून काढला. नाचणगावसाठी पुलगावला उतरल्यावर आईने पिशवीची नाडी काढून दिली, ती मी नंदीला बांधली, आणि स्टेशनपासून घरापर्यंत शाळेतल्या बाई नंदी ओढत गेल्या. लोक हसले. हसोत. आई पुढे चालत होती, मागे कुणी नव्हतं, आणि बोल्ट खुळखुळत होते.

हे पत्र कुठे टाकणार? आईला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. आपल्या गल्लीच्या वळणावर मी मागे पाहिलं.