गादी आणि माती

सांगली

प्रिय अबोली,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काकाचं अक्षर दिसलं म्हणून फाडू नकोस, आधी वाच. तुझ्या लग्नपत्रिकेत जिवंत बापाच्या नावामागं ‘कै.’ छापलंस, तेव्हापासून मला तुझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. तुझा बाप बहराम मात्र हसला होता. ‘पोरीनं जित्तेपणीच कैलासाला धाडलं की रं,’ म्हणाला. त्या दिवशी जेवला मात्र नाही.

तुझी बाजू मला ठाऊक आहे. पडद्यावर बायका पळवणारा तो तुझाच बाप ना, म्हणून शाळेत पोरी तुला चिडवायच्या. तुझी आई, आमच्या चारुशीलावहिनी, आज असत्या तर त्यांनी तुला चार गोष्टी समजावल्या असत्या. इराणहून बहराम आमच्याकडची कुस्तीची मैदानं मारायला आला आणि तालमीतच राहिला. मराठी शिकला तीही आमची, ‘लय’ आणि ‘न्हाई’वाली. त्याला कुणी कधी चीत केलं नाही. एक तर जिंकायचा, नाहीतर कुस्ती बरोबरीत सुटायची. मग गुडघा गेला. त्याच सुमारास वाईच्या घाटावर शूटिंगला कुणीतरी दांडगा माणूस हवा होता. तिथून पुढं दरोडेखोर, गोरा साहेब, सावकाराचा गुंड, मिळेल ते केलं. शेवटी हिरोच्या हातून उताणा पडायचं, हे ठरलेलं. काडीपैलवान हिरो त्याला उचलून आपटायचे आणि माझं पित्त खवळायचं. लाज वाटत नाही का, असं एकदा विचारलंच. म्हणाला, ‘आकाराम, ती गादी हाय गड्या. गादीवर पडायचं पैसं मिळत्यात. माती निराळी.’ त्याच पडण्यावर तू कराडला इंजिनियर झालीस. तुला माहीत आहे, उगाळत नाही.

गेल्या महिन्यात रहिमतपूरजवळ कुस्तीवरच्या सिनेमाचं शूटिंग होतं. बहरामला म्हाताऱ्या मल्लाचं काम होतं, तरुण हिरो त्याला चीत करतो असं. मी सोबत गेलो होतो. दिग्दर्शकाला सगळं खरंखुरं हवं होतं. ताक-हळद घालून मळलेली लाल माती, आजूबाजूच्या गावांतली माणसं, हलगीवालेही मैदानातलेच. सकाळी गादीवर सराव झाला तेव्हा गडी झकास पडला. मग मातीत उतरला, माती कपाळाला लावली आणि हलगी कडाडली. हिरोनं त्याला खांद्यावरून फेकलं आणि बहरामनं हवेतच अंग वळवलं. पाठ टेकू नये म्हणून पैलवान वळतो ना, तसं. त्यात डोकं विचार करत नाही, अंगच करतं. पण साठीचं अंग ते. पाठ लागली नाही, मानेवर पडला. लोकांना वाटलं कामच करतोय, टाळ्या पडल्या.

पोरी, मानेखाली आता काही उरलेलं नाही. मिरजेला दवाखान्यात आहे. श्वास यंत्र घेतं. शुद्ध आहे, सगळं कळतं, पण गळ्यात नळी आहे म्हणून बोलता येत नाही, काय ते डोळ्यांनीच. मी रोज जाऊन बसतो, हनुवटी पुसतो, तालमीतल्या भानगडी सांगतो. आधी डोळ्यांनी हसायचा. आता हसत नाही. बाहेर येऊन मी जिन्यात रडतो, एवढा म्हातारा पैलवान असून.

परवा त्यानं नजर यंत्राकडं नेली, मग माझ्याकडं. मी न समजल्याचं सोंग केलं. काल पुन्हा तेच. शेवटी विचारलं, बंद करायचं काय रं? होय असंल तर डोळं मीट. त्यानं मिटले. पुन्हा विचारलं, पुन्हा मिटले. डॉक्टर म्हणतात, त्यांची समिती बसेल, रीतसर सगळं होईल, पण आधी रक्ताचं माणूस समोर पाहिजे. मी त्याचा जन्माचा सोबती, पण कागदावर कोणीच नाही. त्याला तुझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून ये. आल्यावर त्याच्यापुढं रडलीस तरी चालेल, पण ‘बाबा, थांबा’ असं म्हणू नकोस. तू म्हणालीस तर तो थांबेल.

तुझाच,
आकारामकाका