डावी बाजू तुझी

जळगाव,
रविवार, २९ जून २०२५

प्रिय रमीजभाऊ,

सलाम. इकडे सगळं ठीक. प्रेसमध्ये लग्नपत्रिकांची घाई संपली. आता शाळांची हजेरीपत्रकं आलीत आणि मशीन नेहमीसारखं दर थोड्या वेळाने रुसतंय. मालक मशीनवर ओरडतात, मशीन ऐकत नाही, मग माझ्यावर ओरडतात. तुझी तब्येत विचारत नाही. विचारली की तू ‘एकदम टणक’ म्हणतोस आणि विषय मिटतो.

या पत्राचा डावीकडचा अर्धा कागद मी कोरा सोडलाय आणि सगळी अक्षरं उजवीकडे कोंबलीत. बाई वेडी झाली म्हणून तू हसला असशील. किंवा तुझ्या लक्षातही आलं नसेल. कागद फुकटचा आहे, बिघडलेल्या पत्रिकेची पाठ, त्यामुळे नासाडी केली म्हणून ओरडू नकोस. असं का लिहिलंय ते सांगणार आहे. पण जीव थाऱ्यावर नाही, त्यामुळे मागेपुढे होईल. सकाळपासून लिहितेय नि फाडतेय.

आधी आपल्या काळ्यापांढऱ्याचं बोलू. गुरुवारी आयतने फोनवर विचारलं, ‘आत्या, तुम्ही दोघं त्या चौकटीत काय करता?’ मी तिला समजावलं. साधं सुडोकू तुझ्या अब्बांना पुरेना. शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर, पोरांची ने-आण करायच्या गाडीत बसून ते दोन-दोन सोडवायचे आणि म्हणायचे, काहीतरी डोकं खाणारं पाठव. म्हणून मी हे पाठवते. आकडे नेहमीसारखेच भरायचे. शिवाय काही घरं पेन्सिलने काळी करायची. दोन काळी घरं एकमेकांना चिकटता कामा नयेत, आणि पांढरी घरं सगळी जोडलेली राहिली पाहिजेत, एकही कोंडलं जायला नको. गोल केलेला आकडा सांगतो की त्याच्या भोवती काळी घरं किती. आकड्यावरून काळं कळतं, काळ्यावरून आकडा. म्हणून आत्या आकडे भरते, अब्बा काळं करतात, आणि जीवरामकाका त्यांच्या बसमधून पाकीट जळगावहून धुळ्याला नि धुळ्याहून जळगावला नेतात. पोरीला पटकन समजलं. तुझ्यावर गेलीय.

मग ती जे बोलली ते पुढे सांगते.

बकरी ईदला मी आले नाही म्हणून तू रुसलास. माझं ऐकून न घेता फोन ठेवलास. त्यानंतर पाकीट आलं, उघडून बघते तर चौकटीची उजवी बाजू नेहमीसारखी सुरेख काळी केलेली, आणि डावीकडे पेन्सिल लावलेली नाही. मला वाटलं, टोमणा मारलाय. यावलला असताना एका पाटावर कागद ठेवून आपण कोडी सोडवायचो. मी डावखुरी, कोपरं लागू नयेत म्हणून कायम तुझ्या डाव्या हाताला बसायचे, आणि भांडण झालं की तू मधोमध रेघ मारून म्हणायचास, ‘डावी बाजू तुझी. तुझं तू बघ.’ या वेळी रेघ तेवढी मारली नव्हतीस, एवढंच. चाळिशी आली तरी याचं पोरपण गेलं नाही, म्हणून मी प्रेसमध्ये फणफणत होते.

पुढचं पाकीटही तसंच आलं. मग मीही कमी नाही. कोपऱ्यात लिहून पाठवलं, ‘अर्धंच सोडवतोस, अर्धाच भाऊ उरलास का?’ तुझा लगेच फोन आला. रागाने नाही, चक्रावून. ‘काय बोली राहिनी तू? बठ्ठं तं भरेल शे. नीट देख.’

मी कागद समोर धरून बसले होते, भाऊ. तू सगळं भरलंय म्हणत होतास, आणि डावीकडे एकही घर काळं नव्हतं. तरी तू खोटं बोलत नव्हतास. तुझा खोटं बोलतानाचा आवाज मला ओळखू येतो, आबांच्या सायकलची चेन तोडलीस तेव्हापासून.

तरी मनाची खात्री होईना. म्हणून मागच्या आठवड्यातलं कोडं मी मुद्दाम वेगळं केलं. डावीकडचं सगळं मीच भरून ठेवलं आणि अवघड भाग सगळा उजवीकडे नेला. ते तू असं सोडवलंस की मला स्वतःला तपासायला वेळ लागला. म्हणजे डोकं तुझं शाबूत आहे. तो कागद हातात घेऊन मी रडले, आनंदाने आणि भीतीने, दोन्हीने.

आता आयत काय बोलली ते. ‘आत्या, मी गाडीत अब्बांच्या शेजारीच बसते. तरी ते विचारतात, आयत, बसलीस का?’ तिला ती गंमत वाटते. ती मुद्दाम गप्प बसते आणि तू हाका मारत राहतोस, असं हसत हसत सांगत होती.

ती तुझ्या डाव्या बाजूला बसते, भाऊ. गाडीचं दारही डावीकडे आहे. बठ्ठी पोरं त्याच बाजूने चढतात, त्याच बाजूने उतरतात.

वहिनींना मी विचारलं, गाडीचं काय चाललंय. त्या म्हणाल्या, ‘गाडीनी डावी बाजू परत घासायनी. ईचारं तं म्हणतस, गल्लीच बारीक शे.’ गल्ली तीच आहे. तू तिथून डोळे मिटून गाडी काढायचास.

मग मला मे महिना आठवला. तू गाडी धुताना घेरी येऊन बसलास, डोकं ठणकत होतं, शब्द जड येत होते. आपल्याकडे मे महिन्यात माणूस खाली बसला की दुसरं काही सुचतच नाही. ऊन लागलं. कांदा हुंगवला, कैरीचं पन्हं पाजलं, सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी तू उठून चहा मागितलास, झालं. मीही फोनवर तेच म्हटलं, डोक्याला रुमाल बांधत जा. एवढ्या उन्हाच्या गावात उन्हाशिवाय दुसरं काही होऊ शकतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

शुक्रवारी मी तुझे सगळे कागद घेऊन इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कागद ओळीने टेबलावर मांडले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘हे गृहस्थ काय काम करतात?’ मी सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण ते ऊन नसावं. मेंदूत रक्ताची बारीक गुठळी अडकून गेली असावी. अशा वेळी डोळे चांगले असतात, पण एका बाजूचं मेंदूपर्यंत पोचत नाही. आणि माणसाला अंधारही दिसत नाही, त्यामुळे काही दिसत नाहीये हेच त्याला कळत नाही. पुन्हा तसं होऊ नये म्हणून औषध लगेच सुरू व्हायला हवं. ‘आणि तोवर त्यांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एक दिवसही नाही.’

मी तुला शुक्रवारीच फोन केला. दोनदा केला. मी ‘भाऊ, तुझे डोळे’ म्हटलं की तू म्हणायचास, ‘गाडीवर शे, नंतर बोलू.’ मग मीच घाईने फोन ठेवायचे. काल शाळेचा दिवस होता. दुपारपर्यंत मी प्रेसमध्ये फोनकडे बघत बसले. एकाच हजेरीपत्रकावर दोन शाळांची नावं छापली.

आता खरं ते. ज्यासाठी हा अर्धा कागद भरला, उजवीकडचा, तुला दिसेल असा.

आज सकाळी मी वहिनींना सगळं सांगितलं. गाडीच्या दोन्ही चाव्या त्यांच्याकडे आहेत. त्यांच्यावर आवाज चढवू नकोस, त्यांना मी सांगितलं म्हणून त्यांनी ठेवल्या. तुमच्या शेजारच्या प्रेमराजशीही मीच बोलले. उद्यापासून पोरांना तो नेईल आणेल. त्याला फक्त इतकंच सांगितलंय की भाऊची तब्येत तपासायचीय. चारचौघांत तुझी मान खाली जाईल असं मी काही बोललेले नाही. पण तुला न विचारता केलं, हे खरं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि उद्या सोमवार आहे.

तू चिडणार. त्या गाडीसाठी तू काय केलंस ते मला माहीत आहे, आणि धुळ्यात रमीजची गाडी म्हटलं की आया निर्धास्त असतात हेही. त्यासाठीच केलं. काही झालं असतं, तर आयुष्यभर तू स्वतःला माफ केलं नसतंस. आणि मी तर कागद बघूनही गप्प बसलेली बहीण ठरले असते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पत्राबरोबर तुझा आधीचा कागद परत पाठवतेय. तो उलटा धर, वरचं खाली कर, म्हणजे डावीकडचं उजवीकडे येईल. मग सांग, बठ्ठं भरेल शे का.

हे पत्र जीवरामभाऊंच्या दुपारच्या बसने येतंय, संध्याकाळच्या बसने मी. सोबतच यायला हवं होतं, पण तुझ्या तोंडावर हे सांगायची माझी छाती झाली नसती. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, रस्ता ओलांडू नकोस, मी रिक्षाने येते. उद्या सकाळी धुळ्यातल्याच डॉक्टरांची वेळ घेतलीय, आपण तिघं जाऊ. भांडायचं असेल तर आज रात्री जेवताना भांड.

नवीन कोडंही सोबत आहे. त्याची उजवी बाजू तू करून ठेव. डावीकडे मी येऊन बसते, जिथे बसायचे तिथेच. या वेळी हाक मारून विचारू नकोस, बसलीस का. मी बसलेलीच असेन.

तुझ्या डाव्या हाताची,
मंतशा