परीक्षेला नसलेली ओळ

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि पहिलं पत्र लिहितेय ते हे असं, रिकाम्या वर्गात, घाईघाईत. चार वाजून गेलेत. पाचपर्यंत प्राचार्यांना एका कागदावर सही करून द्यायची आहे. 'वर्गात चुकीचा व अश्लील अर्थ सांगितला, क्षमस्व.' सही केली नाही, तर तासिका तत्त्वावरची माझी नेमणूक लगेच रद्द होऊ शकते. अक्षर समजून घ्या.

तुम्ही शिकवायचात ते चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी विनोदी नाटक आता मी शिकवते. आज 'नाइस' म्हणजे छान, तेव्हा खुळा. पोरं हे आवडीने लिहून घेतात. पण नोकर मालकिणीला एक वाक्य बोलतो आणि नाटकातले सगळे हसतात, तिथं जामखेडची सविता उठली. "मॅडम, ह्यात हसन्यासारखं काय हाय?"

मी सांगितलं. वरचा अर्थ सांगितला, आतला चावटही सांगितला. मग तीच म्हणाली, "आगं बया, ह्ये तर आमच्या जत्रंतल्या तमाशावानीच हाय की!" काय हसले सगळे! दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वडिलांची तक्रार आली.

तुम्ही ती ओळ गाळली असतीत. नाही म्हणू नका! अकरावीत तुमच्याच वर्गात मी हेच विचारलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "परीक्षेला नाही. खाली बस." मागची मुलं फिदीफिदी हसली. मला वाटलं, मी काहीतरी घाण बोलले. आठ दिवस अबोला धरला होता मी, आठवतं?

चर्चमधल्या जुन्या इंग्रजी प्रार्थना तुम्हाला तोंडपाठ. कुठलाही जुना शब्द विचारावा, उत्तर तयार. तेवढी एक ओळ तुम्हालाच कळली नसेल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आज पुरावा म्हणून तुमची प्रत कपाटातून काढून आणली. इतके महिने तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. त्या ओळीशेजारी पेन्सिलीने दोन्ही अर्थ लिहिलेत, मी सांगितले तसेच. आणि खाली बारीक अक्षरात, 'विजयाने विचारलं. सांगायला पाहिजे होतं.'

मग सांगितलं का नाही, पप्पा? त्यानंतर वीस वर्षं एका घरात जेवलो आपण! कुणाची भीती होती, प्राचार्यांची, की माझी? रडू आलं, आणि त्याहून जास्त तुमचा राग आला.

शिपाईमामा आत्ताच दारात येऊन गेले. "मॅडम, सायेब इचारत्यात, झालं का?" आलेच म्हटलं, पण अजून लिहितेच आहे. ही नोकरी गेली तर नगरला शोधावी लागेल. बेलापूरहून रोज तेवढं लांब जायचं, तेही आईला एकटी टाकून! जमेल?

पण अर्थ चुकीचा नाही हो. मी सही केली, तर सविता पुन्हा कधी काही विचारणार नाही. मी तरी कुठं विचारलं त्यानंतर?

पप्पा, वचन देते, सही करणार नाही. सोमवारी वर्ग माझा असला तर त्याच पानापासून पुढे शिकवीन. नसला, तर सविताला घरी बोलावून उरलेलं नाटक पुरं करीन, एकही ओळ न गाळता.

तुमच्यावर अजून रागावलेली,
विजया