ब्लेसीसाठी पाच किलो काकवी

१२ जानेवारी, सकाळी
ब्लेसीचा फोन. शनिवारी दुबईला परत जाते. सुट्टी सगळी नगरला सासरी संपली, इकडे घरी केडगावला यायला जमलं नाही, म्हणाली. एअरपोर्टवर भेटू. बॅगेत माझ्यासाठी पाच किलोची जागा राखून ठेवलीय. पाच किलो! जावयाच्या बॅगेत सासऱ्याला एवढी जागा कोण देतं?
तिची आई दया असती, तर तिनं काकवीच दिली असती. मीही काकवीच देणार.
संकल्प: वाद घालायचा नाही. निघताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. तिची आई करायची, तशी.

१३ जानेवारी
ब्लेसी म्हणते, पप्पा, काट्यावर बघून घ्या. हसू आलं. सारी हयात विज्ञान शिकवण्यात गेली, मला काटा कशाला?
काकवीची घनता १.४ ग्रॅम प्रति मिलिलिटर. म्हणजेच १.४ किलो प्रति लिटर. एकक बदललं, आकडा तोच! (इथे वर्गात टाळ्या पडायच्या. पडायला हव्या होत्या.) अडाणी माणूस पाच किलो म्हणजे पाच लिटर धरेल. आपण घनता विचारात घेणार. ५ × १.४ = ७ लिटर. गुणायचं का भागायचं, इथंच पोरं आपटायची.

१५ जानेवारी
शेजारच्या सोजराबाईंच्या गुऱ्हाळावर गेलो. पाच लिटरचा कॅन, दोन लिटरची बाटली. म्हटलं, वजन करू नका, हिशेब झालेला आहे. त्या म्हणाल्या, आवं गुर्जी, लेकीला द्यायचं कोन जोखून देतं व्हय? गळ्यापर्यंत भरून दिलं.
घरी येईस्तोवर खांदा भरून आला. थंडीचा परिणाम.

१६ जानेवारी
शर्टाला इस्त्री. दयाच्या फोटोसमोर प्रार्थनेची तालीम. लांबली, कापली. परत लांबली. घर फार गप्प आहे. टीव्ही लावून ठेवलाय, बघत नाही.

१७ जानेवारी, संध्याकाळ
आलो परत. काकवीसकट.
जावई रॉनीनं खिशातून हुकाचा काटा काढला. कॅन आणि बाटली मिळून दहा किलो. म्हटलं, चायनाचा काटा. त्यानं ब्लेसीची बॅग लावून दाखवली, ती बरोबर भरली. म्हटलं, बॅगेत द्रव नाही, द्रवाचं वेगळं असतं. ब्लेसी म्हणाली, पप्पा, बाटली तेवढी द्या, तेवढी बसेल. मी म्हणालो, अर्धं का? हिशेब पूर्ण पाच किलोचा आहे! तिकिटाच्या कागदामागे गणित मांडून दाखवलं. ती सारखी घड्याळ बघत होती. मी एकक बदलण्यापर्यंत आलो तेवढ्यात रॉनी म्हणाला, चला. दोघं आत गेले.
काचेतून तिनं हात केला. माझ्या दोन्ही हातांत काकवी.
प्रार्थना राहिली.

१८ जानेवारी
भागायला हवं होतं. साडेतीन लिटर. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही.
ब्लेसीचा मेसेज: पोचलो. एवढंच.
सोजराबाई कुंपणावरून विचारत होत्या, लेकीनं नेली का काकवी? म्हटलं, नेली तर! लगेच चाखली, आईची आठवण आली म्हणाली. बाईंनी पदरानं डोळे पुसले. मग मलाही आत यावं लागलं.
त्यांच्या नजरेस पडायला नको म्हणून कॅन कॉटखाली सरकवायला गेलो. हलेना.
जड आहे.